डाव्या लाइनीतली केसगळती

मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आमच्या इमारतीच्या सचिवांना स्वतःच्या बाथरूममध्ये घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून आंघोळ करावी लागली. पाणी त्यांचं नव्हतं. ते मोरीच्या भोकातून वर येत होतं आणि त्यावर गुलाबी फेस होता. सचिव जन्मभर पांढरा साबण वापरत आले होते. त्यांनी आंघोळ अर्धवट सोडली, टॉवेल गुंडाळला आणि आधी वेळ लिहून ठेवली.

सचिव तळमजल्यावर राहतात. त्यांच्या डोक्यावर चार मजले आहेत आणि केस एकही नाही. एका कारखान्याच्या भांडार विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिथे एक खिळा कमी भरला तरी तो कोणी नेला याचा शोध लागेपर्यंत दुसरा खिळा मिळत नसे. निवृत्तीनंतर इमारतीला सचिव हवा होता आणि त्यांना चौकशीला काहीतरी हवं होतं, त्यामुळे निवडणूक घ्यावी लागली नाही.

आमच्या इमारतीत डावीकडच्या पाच घरांच्या आंघोळीचं पाणी एका पाइपातून उतरतं आणि उजवीकडच्या पाच घरांचं दुसऱ्या. मी उजव्या लाइनीत राहते. आमच्या लाइनीत केस वगैरे गळत नाहीत, त्यामुळे ही हकीकत मला निःपक्षपातीपणे सांगता येते.

दहा वाजता प्लंबर आला. गेली वीस वर्षं तो या भागातल्या मोऱ्या उघडतो आहे आणि माणसांविषयीचं त्याचं मत तिथेच तयार झालेलं आहे. त्याने पाइपात लांब लोखंडी तार घातली, पिळली, ओढली, आणि जे हाताला लागलं ते वर्तमानपत्रावर ठेवलं. ते मांजराएवढं होतं. सचिवांच्या पत्नीला इमारतीत सचिवीणकाकू म्हणतात. त्या दारातून डोकावल्या आणि लगेच आत गेल्या.

"केस आहेत," प्लंबर म्हणाला. "वरच्यांचे, दोन-तीन वर्षांचे साठलेले. प्रत्येक मोरीवर बारीक जाळी बसवा आणि आंघोळ झाली की जिने तिने आपले केस उचलून कचऱ्यात टाकायचे. अर्ध्या तासाचं काम आहे."

सचिवांनी विचारलं, केस नेमके कोणाचे? प्लंबरचं म्हणणं पडलं की ते बघायची गरजच नाही, जाळी बसली की कोणाचेही असले तरी अडतील. हे सचिवांना मुळीच पटलं नाही. दोषी ठरवण्याआधीच दोष दूर करणं म्हणजे त्यांच्या लेखी सरळसरळ अनियमितता होती. उद्या कोणी विचारलं की जाळ्या कोणामुळे बसवाव्या लागल्या, तर कागदावर काय दाखवायचं? त्यांनी जाळ्यांचा विषय स्थगित ठेवला, तो गोळा एका झाकणाच्या डब्यात घातला आणि वर 'पुरावा' अशी चिठ्ठी डकवली. डबा स्वयंपाकघरातला होता, एवढंच सचिवीणकाकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली. 'डाव्या लाइनीतील ज्या महिला सदस्यांचे केस गळत असतील, त्यांनी तीन दिवसांत सचिवांकडे स्वेच्छेने नोंद करावी. नोंद न करणाऱ्यांचे केस गळत नाहीत असे गृहीत धरले जाईल.' तीन दिवसांत एकही नोंद आली नाही. नोटिशीवरून पाहता डाव्या लाइनीतल्या समस्त महिलांचे केस शाबूत होते आणि सचिव रोज घोटाभर पाण्यात उभे होते. कारण प्लंबरने काढलं त्याहून जास्त पाइपातच शिल्लक होतं आणि चौकशी संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असा आदेश होता.

रविवारी सचिव वही घेऊन घरोघर निघाले.

पहिल्या मजल्यावर सासूबाईंनी दार उघडलं. आमच्या घराण्यात केस गळत नाहीत, असं त्यांनी प्रश्न पुरा होण्याआधीच सांगितलं. त्यांच्या आईची वेणी म्हणे ऐंशीव्या वर्षीही गुडघ्यापर्यंत होती. मागे डोक्याला फडकं बांधलेली सूनबाई चार महिन्यांचं बाळ घेऊन उभी होती आणि मान डोलावत होती. बाळाच्या मुठीत आठ-दहा लांब केस होते. सचिवांना ते दिसले, पण बाळ महिला सदस्य नसल्यामुळे त्याची मूठ नोटिशीच्या कक्षेत येत नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर बँकेतल्या मॅडम. त्या गेली सहा वर्षं एकोणपन्नास वर्षांच्या आहेत. त्यांचे केस इतके काळे आहेत की तसा काळा मी फक्त छत्रीवर पाहिला आहे. त्यांनी सचिवांना बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे विचारलं की, हा आडून आडून वय विचारायचा प्रकार आहे का? सचिव न बसताच वर गेले.

चौथ्या मजल्यावर अंबाडावहिनी. हे नाव त्यांना त्यांच्या अंबाड्यावरून पडलं आहे. साठी उलटली तरी त्यांचा अंबाडा मागून पाहिला की दुसरं डोकंच वाटावं. त्या म्हणाल्या की त्यांच्या कंगव्यात केस म्हणून येत नाही. सचिवांनी अंबाड्याकडे आदराने पाहिलं आणि तसं लिहून घेतलं.

तिसरा मजला त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिथे बाई राहतात. बाई म्हणजे शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, चौसष्ट वर्षांच्या. त्यांचे केस उघडउघड पांढरे आहेत. त्यांनी हातात कंगवा घेऊनच दार उघडलं.

"गळतात की," बाई म्हणाल्या. "पन्नाशीनंतर फारच गळायला लागले. वेणी मनगटाएवढी होती, आता उंदराच्या शेपटीएवढी राहिली आहे. पांढरे झाले तेव्हा वाटलं, आता तरी टिकतील. पण पांढरे भलतेच आडमुठे. आधी ताठ उभे राहतात आणि मग न सांगता जातात."

त्यांनी सचिवांना आपली मोरीही दाखवली. जुन्या चहाच्या गाळण्याची जाळी कापून त्यांनी कधीच मोरीवर बसवली होती. रोज आंघोळ झाली की त्या जाळीवरचे केस उचलून कागदात गुंडाळून टाकत. थोडक्यात, डाव्या लाइनीतली ही एकच बाई अशी होती की जिचे केस पाइपात जाणं शक्य नव्हतं. सचिवांनी वहीत लिहिलं, 'तिसरा मजला: गळती कबूल.' जाळीचं त्यांनी लिहिलं नाही, कारण जाळ्यांचा विषय स्थगित होता.

सभा खालच्या पार्किंगमध्ये भरली. प्लंबरला साक्षीसाठी बोलावलं होतं. त्याने डबा उजेडात धरला आणि मोरीच्या माणसाला शोभेल अशा सरळपणाने सांगायला सुरुवात केली. यातले बरेच केस टोकाला काळे आणि मुळाशी पांढरे आहेत, म्हणजे रंगवलेले. बँकेतल्या मॅडमनी पदर सावरला. हे मऊ, मुळासकट पुंजक्याने आलेले, असे बाळंतपणानंतर जातात. सासूबाई सुनेकडे बघायचं टाळून छताकडे बघू लागल्या. आणि हे जे चमकतात, ते तर मुळात केसच नाहीत, ते कारखान्यातले...

इथे अंबाडावहिनींना जोराचा खोकला आला. पाणी आणेपर्यंत सर्व महिलांच्या लक्षात आलं की हा डबा आरोग्याला घातक आहे. तो तात्काळ नष्ट करावा असा ठराव बँकेतल्या मॅडमनी मांडला, सासूबाईंनी अनुमोदन दिलं आणि अकरा वर्षांत प्रथमच एक ठराव एकमताने मंजूर झाला. प्लंबर डबा घेऊन निघून गेला.

आता पुरावा नव्हता आणि कबुली एकच होती.

बाईंनी उभं राहून सांगितलं की त्यांचे केस टोकापासून मुळापर्यंत पांढरे आहेत आणि त्यांच्याकडे जाळी आहे. हे सांगताना त्यांनी बँकेतल्या मॅडमकडे पाहिलं. त्या दोघी बारा वर्षं रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जात. मॅडमच्या भांगात दर पंधराव्या दिवशी काय उगवतं ते नवऱ्याच्या खालोखाल बाईंनाच माहीत होतं. मॅडम मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होत्या आणि ते सभा संपेपर्यंत सापडलं नाही. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार बाईंनी शाळेत ऐकला होता. अर्थ त्या दिवशी समजला.

सचिवांनी बाईंची समजूत घातली. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल समितीला तिळमात्र शंका नाही, किंबहुना तोच कारवाईचा आधार आहे. उद्यापासून बाईंनी रोजचे गळलेले केस पाकिटात घालून, वर तारीख टाकून, सकाळी दहाच्या आत तळमजल्यावर जमा करावेत.

त्या संध्याकाळी बाई फिरायला गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर बसून त्यांनी कात्री हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. रागाने कापले तर ते सचिवांचे केस होतील, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी जाळीवरचे केस गोळा केले, पाकिटात घातले आणि फळ्यावर लिहावी तशी देखणी तारीख टाकून ते खाली नेऊन दिलं. एकतीस केस भरले. सचिवांनी मोजून पोच दिली.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाईंची बेल वाजली. दारात बँकेतल्या मॅडम होत्या, हातात छोटी पिशवी. फिरणं बंद झाल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या. मॅडम आत आल्या, बसल्या, आणि बराच वेळ पिशवीची गाठ सोडवत राहिल्या.

"बाई, तुमचं नाव झालंच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या पाकिटात माझेही घालाल का? घरच्या डब्यात टाकले तर घरात दिसतात. मोरीत आता सोडवत नाहीत."

बाईंना वाईट वाटलं, हसूही आलं, आणि यातलं आधी कोणतं आलं हे त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. त्यांनी पिशवी घेतली. मॅडम एकदम रडू लागल्या. बँकेत खिडकीशी आलेल्या एका बाप्याने त्यांना आजी म्हटलं होतं. रंगाने डोक्याला खाज सुटते, रात्रभर आग होते, तरी तारीख चुकवायची हिंमत होत नाही. बाईंनी त्यांच्या भांगात पाहिलं. कातडी लाल झाली होती. आधी डॉक्टरांना दाखव, रंगाचं मग बघू, असं त्यांनी बजावलं.

दोन दिवसांनी सूनबाई आली. सासूबाईंचा डोळा लागला होता. तिचे केस मूठमूठ जात होते आणि आपण नवऱ्याला टकली दिसणार या भीतीने ती दुपट्याच्या घडीत ते लपवत होती. बाळंतपणानंतर असं होतं, वर्षभरात बहुतेक परत येतात, नाही आले तर रक्त तपासून घे, असं बाईंनी सांगितलं आणि बाळाच्या मुठीतलेही केस सोडवून पाकिटात घातले. मग अंबाडावहिनी आल्या. त्यांनी दाराला कडी लावून घेतली आणि अंबाडा काढून टेबलावर ठेवला. चहा होईपर्यंत तो तिसऱ्या माणसासारखा तिथे बसून होता. त्याखाली टाळू विरळ झाली होती आणि इतकी वर्षं घट्ट ओढून बांधल्याने कपाळाचे केस मागे सरकले होते. शेवटी तीन जिने चढून, धापा टाकत, सचिवीणकाकूही आल्या. ह्यांना कळू देऊ नका, एवढीच त्यांची अट होती. तेव्हापासून त्यांचे केस रोज दुपारी तळमजल्यावरून तिसऱ्यावर जात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली त्यांच्याच नवऱ्यापुढे मोजणीला येत.

दुपारी बाईंच्या घरी गर्दी होऊ लागली. बाईंजवळ जादूचं तेल नव्हतं, तसं त्या येणारीला आधीच सांगत. रुंद दातांचा कंगवा घ्या, टोकापासून वर सोडवत जा, ओले बांधू नका, टॉवेलने खसाखसा पुसू नका. केस म्हातारे झाले की त्यांना म्हाताऱ्या माणसासारखं वागवायचं, ओढायचं नाही, घाई करायची नाही आणि उठता बसता चटके द्यायचे नाहीत. यावर सचिवीणकाकू म्हणाल्या की आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला तरी कुठे असं वागवतात, आणि सगळ्या खूप हसल्या.

खाली मात्र सचिव चिंतेत पडले होते. पाकिटातली आवक एकतीसवरून चारशे बारावर गेली होती. पांढरे, काळे, तपकिरी, दुरंगी आणि काही नायलॉनसारखे, असे पाच प्रकार त्यांनी वेगळे काढले. या वेगाने बाई आठ महिन्यांत निःशेष होणार होत्या. ते स्वतः वर जाऊन पाहून आले. बाईंचं डोकं होतं तसंच होतं. 'जावक वाढती, शिल्लक स्थिर,' असं त्यांनी नोंदवलं. भांडार विभागात असं एकदाच घडलं होतं आणि तेव्हा तिघे निलंबित झाले होते.

पण पाणी उतरू लागलं होतं. नव्याने केस जाणं थांबलं, जुना साठा हळूहळू वाहून गेला आणि सचिव कोरड्या पायांनी आंघोळ करू लागले. त्यांनी यातून एकच निष्कर्ष काढला. उपाय लागू पडला, त्या अर्थी दोषी बरोबर सापडला होता. जिन्यात अभिनंदनाची नोटीस लागली. ती वाचून चारही जणी खाली मान घालून आपापल्या घरी गेल्या.

मग बाईंची धाकटी बहीण पडली, तिचा पाय मोडला, आणि बाई तीन आठवडे तिच्याकडे गेल्या.

दुपारची बैठक बंद झाली. पाकीट बंद झालं. चौघींजवळ केस होते आणि ते नेऊन द्यायला पांढऱ्या केसांची कोणी नव्हती. घरच्या डब्यात टाकावेत तर दिसतात. मोरीत सोडले की दिसत नाहीत. एकोणिसाव्या दिवशी सचिवांच्या डोळ्यांत साबण गेलेला असताना पाणी पिंढरीपर्यंत आलं.

बाई बॅग घेऊन परत आल्या त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची सभा होती. त्यांना बॅगेसह बसवून घेण्यात आलं. गुन्हा नवा होता. बाई रजेवर जाताना गळतीचा कार्यभार कोणाकडेही सोपवून गेल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या की त्या इथे नव्हत्याच, तर त्यांचे केस इथे कसे गळतील? सचिवांनी उत्तर दिलं की अनुपस्थितीत ही परिस्थिती, तर उपस्थितीत काय झालं असतं याचा विचार सभेने करावा. कायमचा उपाय म्हणून तिसऱ्या मजल्याने केस बोटभर ठेवून बाकीचे कापून घ्यावेत, असा ठराव त्यांनी वाचून दाखवला.

बाई प्रवासाने दमल्या होत्या. रात्रंदिवस बहिणीला उचलून उचलून त्यांची पाठ गेली होती. त्यांनी अंगठ्याने आपल्या वेणीचं टोक चाचपलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या कापते."

सचिव 'एकमताने' लिहायला वाकले.

"लिहू नका," बँकेतल्या मॅडम उभ्या राहून म्हणाल्या. "ते केस माझे आहेत. मी पंचावन्न वर्षांची आहे आणि दर पंधरा दिवसांनी रंग लावते. बाईंना सगळं माहीत होतं आणि त्या बोलल्या नाहीत. मलाही सगळं माहीत होतं आणि मीही बोलले नाही."

त्यांचं बसणं होतंय तोवर सूनबाई उठली आणि माझेही, म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या फडक्याकडे पाहिलं, आणि मग जड आवाजात सांगितलं की गळतात, त्यांचेही गळतात, पण यात घराण्याचा काही संबंध नाही. अंबाडावहिनींनी भाषण केलं नाही. त्यांनी अंबाडा काढला आणि सचिवांच्या उघड्या वहीवर ठेवला. सचिव तो कोणत्या रकान्यात बसतो याचा विचार करत असतानाच मागून सचिवीणकाकूंचा आवाज आला.

"तळमजल्याचेही लिहा."

सचिवांचं पेन हवेतच राहिलं. अडचण खरी होती. ठरावाच्या नमुन्यात 'दोषी सदस्य' या शब्दांपुढे एकच ओळ होती. एकजण दोषी असला तर त्याला दोषी लिहिता येतं. सगळेच निघाले तर लिहिणारं घरही त्यात येतं, आणि मग सभेला अध्यक्ष कोणाला करायचं? पंधरा मिनिटं विचार करून त्यांनी ठराव लिहिला आणि मोठ्याने वाचला. 'पाइपात सापडलेले केस कोणाचेही नाहीत, असे सर्वानुमते ठरले.'

दुसऱ्या दिवशी प्लंबरने चार घरांत जाळ्या बसवल्या. अर्ध्या तासाचं काम पस्तीस मिनिटांत झालं, कारण सासूबाईंना आपली जाळी सुनेच्या जाळीहून वेगळी हवी होती आणि बाथरूम एकच होतं.

बाईंची कबुली मात्र रद्द करता आली नाही. त्यासाठी कबुली खोटी होती असा अर्ज द्यावा लागतो, आणि बाईंचे केस तर गळतातच. त्यांनी खोटं लिहून द्यायला नकार दिला. त्यामुळे इमारतीच्या दप्तरी डाव्या लाइनीत केस गळणारी बाई आजही एकच आहे.

तिसऱ्या संध्याकाळी बँकेतल्या मॅडम जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. त्यांच्या भांगात अर्धं बोट पांढरं आलं होतं आणि त्यांनी ते झाकलं नव्हतं. बाईंनी जिना उतरायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. मॅडम थांबून राहिल्या. माफी मागायची त्यांनी पूर्ण तयारी केली होती, पण बाई पाठीला हात लावत एवढंच म्हणाल्या की आज जरा हळू चाल. दोघी फाटकाबाहेर पडल्या.

ही हकीकत मी आजवर नऊ जणींना सांगितली. नऊही जणी पोट धरून हसल्या, आणि हसणं ओसरल्यावर प्रत्येकीने डोक्यावरून हात फिरवत सांगितलं की आमच्या शेजारीसुद्धा आहे हो अशी एक. त्या एकीला भेटायची मला फार इच्छा आहे. नऊ इमारतींत शोधली, पण ती जिथे म्हणून राहते असं कळतं, तिथे गेलं की नेहमी शेजारच्या दाराकडे बोट दाखवतात.